तेलाच्या भावाचा अंदाज आणि विजेचे बिल

मे १९९९ मध्ये गुहागर तालुक्यातील दाभोळ वीजप्रकल्पाचा पहिला टप्पा सुरू झाला. क्षमता ७४० मेगावाट, इंधन नाफ्था. नाफ्था हा खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळणारा, पेट्रोलच्या जवळचा पदार्थ असल्याने त्याचा भाव तेलाच्या भावामागून चालतो. याच्या दोनच महिने आधी, मार्च १९९९ मध्ये, लंडनच्या ‘द इकॉनॉमिस्ट’ या नामांकित साप्ताहिकाने जग तेलात बुडत चालल्याचे मुखपृष्ठावरून सांगितले होते. पिंपाला १० डॉलरच्या आसपास आलेला भाव आणखी उतरून ५ डॉलरपर्यंत जाईल, अशी शक्यता त्या अंकात वर्तवली होती. प्रत्यक्षात ते वर्ष संपताना भाव २५ डॉलरच्या आसपास होता आणि २००० साली त्याने ३० डॉलरची रेषा ओलांडली.

साप्ताहिकाने आपली चूक पुढे खिलाडूपणे मान्य केली. त्याचे फारसे काही बिघडले नाही. बिघडले ते महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे. दाभोळची वीज विकत घेण्याचा करार मंडळाने केला होता आणि इंधन महागले तर वाढीव पैसे मंडळाने द्यायचे होते. सुमारे १ रुपया ८६ पैशांना एक युनिट मिळेल असे जे गणित मांडले गेले होते, ते चार-पाच रुपयांच्या घरात गेले आणि काही महिन्यांत सात रुपयांच्याही वर चढले. मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला.

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्यांना यात एक गंमत दिसेल. मुलुंड आणि भांडुप येथील घरांना वीज पुरवत होते राज्य विद्युत मंडळ. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर येथे मात्र बीएसईएस ही कंपनी, जिचा दाभोळच्या कराराशी थेट संबंध नव्हता. म्हणजे तेलाच्या भावाचा एकच अंदाज चुकला, पण त्याची जबाबदारी एका स्थानकावरच्या ग्राहकांच्या मंडळावर होती आणि चार स्थानके पलीकडच्या ग्राहकांच्या कंपनीवर नव्हती. ऊर्जेच्या भवितव्याविषयी वर्गात बोलताना आपण बहुधा ‘तेल किती वर्षे पुरेल’ एवढाच प्रश्न घेतो. तो महत्त्वाचा आहेच. पण कोणता अंदाज करता येतो, कोणता करता येत नाही आणि चुकला तर भुर्दंड कोणावर पडतो, हे प्रश्न आम्हाला जास्त मोलाचे वाटतात. या लेखात त्यांच्याकडेच पाहू.

भाव एवढा का उसळतो?

खनिज तेलाचा व्यवहार पिंपात मोजतात. एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर. सगळे जग मिळून रोज ढोबळमानाने १० कोटी पिंपे तेल वापरते. समजा, कुठे युद्ध झाले किंवा वादळाने विहिरी बंद पडल्या आणि यातली २ टक्के, म्हणजे २० लाख पिंपे कमी झाली. कांदा २ टक्के कमी आला तर भाव थोडा वाढतो, काही गृहिणी कांद्याऐवजी कोबी घेतात आणि निभावते. तेलाचे तसे नाही. पेट्रोल दहा टक्क्यांनी महागले म्हणून बोरिवलीहून अंधेरीला स्कूटरने जाणारा माणूस दुसऱ्या दिवशी दहा टक्के कमी अंतर जात नाही. डाळ शिजायला जेवढा गॅस लागतो तेवढा लागतोच. अर्थशास्त्रात याला मागणीची अल्प लवचिकता म्हणतात.

आकडेमोड करून पाहू. भाव १० टक्के वाढल्यावर वापर जेमतेम अर्धा टक्का घटतो असे धरू. मग वापर २ टक्क्यांनी खाली आणायचा तर भाव ४० टक्के वाढायला हवा. तुटवडा दोन टक्क्यांचा, भाववाढ चाळीस टक्क्यांची. उलट, बाजारात २ टक्के तेल जास्त आले तर ते कोणी तरी विकत घ्यावे म्हणून भाव तेवढाच धाडकन खाली यावा लागतो. तेव्हा पुढच्या वर्षीचा भाव ४० टक्क्यांच्या अचूकतेने सांगायचा, तर जगाचा पुरवठा आणि मागणी यांतला फरक २ टक्क्यांच्या आत माहीत असावा लागेल. पुढच्या वर्षी कुठे युद्ध होईल हे ज्याला ठाऊक असेल, त्यानेच ते करावे.

एप्रिल २०२० मधला प्रकार तर याहून विलक्षण होता. करोनाच्या साथीमुळे जगातली वाहने आणि विमाने थांबली. अमेरिकेत कुशिंग या गावी तेल साठवायच्या टाक्या भरत आल्या. २० एप्रिल रोजी, पुढच्या महिन्यात ताब्यात घ्यायच्या तेलाचा तिथला भाव उणे ३७.६३ डॉलर झाला. ‘उणे’ म्हणजे, तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या. ज्यांच्याकडे सौदा होता पण टाकी नव्हती, त्यांना दुसरा इलाज उरला नव्हता. पुढे दोन वर्षांनी, मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवरील आक्रमणानंतर ब्रेंट जातीच्या तेलाने १३० डॉलर ओलांडले.

हे झाले दिवसांचे आणि महिन्यांचे चढउतार. वर्षावर्षांच्या चढउतारांमागे दुसरे एक कारण आहे आणि ते भौतिकशास्त्राच्या शिक्षकांच्या चटकन लक्षात येईल. गिझर न्हाणीघरापासून लांब असला की काय होते ते आठवा. पाणी गार येते म्हणून आपण गरम पाण्याचा नळ बराच सोडतो. गरम पाणी पोहोचायला वेळ लागतो आणि येते तेव्हा चटका बसतो. घाईने नळ बंद करावा, तर थोड्या वेळाने पुन्हा गारठा. कृती आणि परिणाम यांत उशीर असला की अशी हेलकावणी सुरू होते.

तेलातला उशीर किती असतो, याचे उदाहरण आपल्या दारातच आहे. मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली तेलाला योग्य अशी खडकांची रचना आहे, हे १९६० च्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांबरोबर केलेल्या भूकंपलहरींच्या सर्वेक्षणात दिसून आले. ‘सागर सम्राट’ या जपानमध्ये बांधलेल्या तरंगत्या वेधनयंत्राने तिथे विहीर खोदली आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागले. उत्पादन सुरू झाले २१ मे १९७६ रोजी. ते शिखरावर पोहोचले १९८५ च्या सुमारास. हे वेळापत्रक जलद समजले जाते! तरीही रचना दिसल्यापासून शिखरापर्यंत जवळजवळ दोन दशके गेली.

आता जगाचा इतिहास या चौकटीत ठेवून पाहा. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपास होता तो काही महिन्यांत बारा डॉलरजवळ गेला. इराणमधील क्रांतीनंतर, १९७९-८० मध्ये, तो ३५ डॉलरच्या वर होता. तेव्हाचे बहुतेक जाणकार भाव असाच चढत राहील असे सांगत होते. पण त्याच चढ्या भावामुळे उत्तर समुद्र, अलास्का आणि आपले बॉम्बे हाय येथील महागडे तेल काढणे परवडू लागले. मोटारी कमी पेट्रोल पिऊ लागल्या. वीजकेंद्रे कोळशाकडे आणि अणुऊर्जेकडे वळली. हे सगळे तेल आणि ही सगळी बचत १९८० च्या दशकात एकदम येऊन पडली आणि १९८६ मध्ये भाव १० डॉलरच्या आसपास कोसळला. गिझरचे गरम पाणी पोहोचले, तोवर अंग भाजण्याची पाळी आली होती.

तेच पुढे पुन्हा घडले. १९९८ च्या मंदीत विहिरी खोदणे कमी झाले. नंतर चीनची मागणी वाढली आणि भाव चढत चढत जुलै २००८ मध्ये १४७ डॉलर झाला. त्याच वर्षी मे महिन्यात गोल्डमन सॅक्स या पेढीने लवकरच १५० ते २०० डॉलरचा भाव दिसू शकेल असे म्हटले होते. डिसेंबरात तो ४० डॉलरच्या खाली होता. चढ्या भावांनी अमेरिकेत शेल खडकातील तेल काढायला बळ दिले आणि त्या तेलाने २०१४ ते २०१६ या काळात भाव ११५ डॉलरवरून ३० च्या खाली आणला.

इथे आणखी एक अडचण आहे आणि ती हवामानाच्या अंदाजात नसते. कुलाबा आणि सांताक्रूझ येथील नोंदींवरून वेधशाळा उद्याच्या पावसाचा अंदाज सांगते, तेव्हा ढग ते ऐकत नाहीत. तेलाचा बाजार मात्र ऐकतो. ‘भाव दोनशे डॉलर होणार’ यावर पुरेशा लोकांचा विश्वास बसला की विहिरी खोदल्या जातात, मोटारींची इंजिने बदलतात आणि भाव दोनशे होत नाही. अंदाज सर्वांना पटला म्हणूनच तो खोटा ठरू शकतो.

जमिनीखालचे तरी मोजता येते का?

भाव सांगता येत नसेल, पण तेल किती उरले हे तर सांगता येईल, असे विद्यार्थी म्हणतील. त्याचे उत्तर ‘बरेचसे’ असे आहे, पण त्यात एक खाच आहे.

तेल जमिनीखाली तळ्यासारखे साचलेले नसते. बॉम्बे हाय येथे ते चुनखडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेले आहे. विहीर खोदली की खालच्या दाबामुळे तेल आणि वायू वर येतात. जसजसे येतात तसतसा दाब कमी होतो आणि येण्याचा वेगही. म्हणून समुद्राचेच पाणी खाली दाबून दाब टिकवावा लागतो. ढोबळमानाने, घटीचा वेग हा त्या वेळच्या उत्पादनाच्या प्रमाणात असतो. ही तर किरणोत्सारी पदार्थाच्या क्षयाची किंवा धारित्रातून विद्युतभार वाहून जाण्याची गोष्ट झाली. बारावीच्या विद्यार्थ्यांना तेच समीकरण इथे वापरता येईल.

बॉम्बे हाय, म्हणजे आताचे मुंबई हाय, १९८५ च्या सुमारास दिवसाला चार लाखांहून अधिक पिंपे तेल देत होते. एप्रिल २०२४ मध्ये ते १ लाख ३४ हजार पिंपांच्या आसपास होते. म्हणजे ३९ वर्षांत उत्पादन साधारण एक तृतीयांश झाले. यावरून दरसाल सरासरी ३ टक्के घट निघते. सत्तरला टक्केवारीने भागले की निम्मे होण्याचा काळ मिळतो, हा नियम वापरला तर सुमारे २३ वर्षे. तेव्हा २०४७ च्या सुमारास हे क्षेत्र रोज ६७ हजार पिंपे देत असेल, असा अंदाज कोणताही विद्यार्थी करू शकेल. त्यात २० टक्के चूक निघेल, पण चौपट चूक निघण्याचा संभव फार कमी. तेलाच्या भावाविषयी असे कधीच म्हणता येणार नाही.

आता खाच. तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाच्या २०२४ मधल्या आकड्यांनुसार या क्षेत्रात काढता येण्याजोगे सुमारे ८ कोटी टन तेल शिल्लक आहे. एका टनात साडेसात पिंपे धरली तर सध्याचे वार्षिक उत्पादन सुमारे ६५ लाख टन येते. ८ कोटीला ६५ लाखांनी भागले की उत्तर येते बारा वर्षे आणि थोडे महिने. ‘मुंबई हायचे तेल बारा वर्षांत संपणार’ असे शीर्षक देऊन कोणी बातमी छापली तर आकडा चुकीचा म्हणता येणार नाही, आणि तरी ती बातमी चुकीची असेल. कारण बारा वर्षे पूर्ण वेगाने आणि तेराव्या वर्षी शून्य, असे कोणतेही तेलक्षेत्र वागत नाही.

वरच्या वर्गातल्या मुलांना आणखी एक पायरी पुढे न्यावे. दरसाल ३ टक्क्यांची घट अशीच चालू राहिली, तर पुढे मिळणारे एकूण तेल ही एक अनंत भूमिती श्रेढी होते. तिची बेरीज सुमारे ६५ लाख भागिले ०.०३, म्हणजे २१ ते २२ कोटी टन. पण शिल्लक साठा तर ८ कोटी टन सांगितला आहे! मग खरे कोणते?

दोन्ही खरी आहेत, कारण दोन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात. मागच्या ३९ वर्षांची ३ टक्के घट ही निसर्गाची घट नव्हे. मधल्या काळात, विशेषतः २००० सालानंतर, नव्या विहिरी आणि पुनर्विकास यांवर मोठा खर्च झाला. तो नसता तर घट जास्त झाली असती. आणि ‘साठा’ या शब्दाचा अर्थ जमिनीखाली असलेले तेल असा नसून, आजच्या तंत्राने आणि आजच्या भावात काढणे परवडेल एवढे तेल असा आहे. जगातील तेलक्षेत्रांत सरासरी एक तृतीयांशच्या आसपास तेल वर येते; बाकीचे खडकातच राहते. तंत्र सुधारले किंवा भाव वाढला की काही तेल न हलता ‘साठ्यात’ जमा होते. जानेवारी २०२५ मध्ये महामंडळाने मुंबई हायसाठी ब्रिटनच्या बीपी या कंपनीला दहा वर्षांकरिता तांत्रिक साहाय्यक म्हणून निवडले. त्या कंपनीने मूळ अपेक्षेच्या तुलनेत तेल आणि वायूचे उत्पादन ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकेल असे म्हटले आहे. ती मूळ अपेक्षा म्हणजेही पुन्हा एक अंदाजच आहे, हे विसरू नये.

म्हणून साठ्यावरून भाव सांगणे म्हणजे आपल्याच शेपटीमागे धावणे होते. साठा भावावर अवलंबून आणि भाव साठ्यावर. १९८० च्या सुमारास जगाचा साठा भागिले वार्षिक वापर हे उत्तर सुमारे ३० वर्षे येत असे. २०२० मध्ये ते ५० वर्षांच्या आसपास आले. चाळीस वर्षे तेल जाळून शिल्लक वर्षे वाढली! जुन्या पाठ्यपुस्तकांतून ‘तेल अमुक साली संपेल’ असे वाचलेल्या पिढ्यांचा विज्ञानावरचा विश्वास थोडा डळमळला असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही.

शेल कंपनीतील भूवैज्ञानिक एम. किंग हबर्ट यांची गोष्ट या संदर्भात नेहमी सांगितली जाते. अमेरिकेचे तेल उत्पादन १९६५ ते १९७० या दरम्यान शिखर गाठून उतरू लागेल, असे त्यांनी १९५६ मध्ये घंटेच्या आकाराचा आलेख काढून सांगितले. त्या वेळी अनेकांनी ते थट्टेवारी नेले. १९७० मध्ये शिखर आले आणि उतार सुरू झाला. गोष्ट बहुधा इथे थांबवतात, पण ती इथे थांबत नाही. खडकाला पाण्याच्या दाबाने भेगा पाडण्याचे तंत्र आडव्या विहिरींबरोबर वापरात आल्यावर अमेरिकेचे उत्पादन पुन्हा चढले आणि २०१८ मध्ये १९७० चे शिखर ओलांडून गेले. हबर्ट यांना तेव्हाच्या तंत्राने निघणारे तेल बरोबर मोजता आले. पन्नास वर्षांनंतरचे तंत्र त्यांच्या आलेखात कसे असणार?

भारताच्या बाबतीत सर्वांत भरवशाचा अंदाज मात्र जमिनीखालचा नव्हता, जमिनीवरचा होता. १९८४-८५ मध्ये देशाचे खनिज तेल उत्पादन सुमारे २.९ कोटी टन होते. २०२३-२४ मध्येही ते जवळजवळ तेवढेच, २.९ कोटी टन होते. पेट्रोलियम पदार्थांचा वापर मात्र ४ कोटी टनांच्या आतबाहेर होता तो २३ कोटी टनांवर गेला. एके काळी आपल्या गरजेच्या सुमारे ७० टक्के तेल देशात निघत असे. आता ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. किती घरांत शेगडी येईल, किती दुचाकी रस्त्यावर येतील, हे हळूहळू बदलणारे आकडे आहेत आणि ते दहा वर्षे आधी बऱ्यापैकी सांगता येतात. १९९५ साली महानगर गॅस ही कंपनी स्थापन झाली. समुद्रातला वायू उरणमार्गे येऊन घाटकोपरच्या स्वयंपाकघरांत आणि अंधेरीच्या रिक्षांत जळू लागला. एकदा नळ घातला की तो परत काढत नाहीत. समुद्रातला वायू कमी पडला तर आयात केलेला वायू त्याच नळातून येतो.

करारातले गणित

आता पुन्हा दाभोळकडे वळू, कारण तिथे हे सगळे धागे एका कागदावर आले होते. जून १९९२ मध्ये एन्रॉन कंपनीशी सामंजस्य करार झाला, डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार. जागतिक बँकेने १९९३ मध्येच प्रकल्प आर्थिकदृष्ट्या योग्य नाही असे सांगून कर्ज द्यायचे नाकारले होते, ही नोंद महत्त्वाची. पुढे राजकारण, कोर्टकचेऱ्या, करार रद्द होणे आणि पुन्हा होणे हे सर्व झाले. ते वाचकांना ठाऊक आहे. आपण फक्त युनिटचा दर पाहू.

वीजकेंद्राच्या बिलात दोन भाग असतात. एक स्थिर आकार: यंत्रे, कर्ज, नफा यांसाठी, वीज घेतली न घेतली तरी द्यायचा. दुसरा इंधनाचा: जेवढे युनिट तेवढा. ७४० मेगावाटचे केंद्र ३० दिवस पूर्ण चालले तर सुमारे ५३ कोटी युनिट वीज तयार होते. खरे आकडे गुंतागुंतीचे आहेत, म्हणून सोपे आकडे घेऊ. समजा, स्थिर आकार महिन्याला १०० कोटी रुपये आणि इंधनाचा खर्च युनिटला सव्वा रुपया. मंडळाने ५० कोटी युनिट घेतले, तर दर पडेल २ रुपये अधिक सव्वा रुपया, म्हणजे सव्वातीन. आता नाफ्था दुप्पट महाग झाला. दर झाला साडेचार. इतकी महाग वीज घेण्यापेक्षा मंडळ आपल्याच कोळशाच्या केंद्रांतून वीज घेईल आणि दाभोळकडून निम्मेच, २५ कोटी युनिट घेईल. पण १०० कोटी तर द्यायचेच आहेत. आता ते २५ कोटी युनिटांवर वाटले गेले, म्हणजे युनिटला ४ रुपये. इंधनाचे अडीच मिळून साडेसहा. इंधन दुप्पट झाले म्हणून विजेचा दरही दुप्पट झाला आणि सव्वा रुपयाची भाववाढ सव्वातीन रुपयांची झाली. शिवाय ही देणी डॉलरशी बांधलेली होती. करार झाला तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, केंद्र बंद पडले तेव्हा ४७ च्या जवळ.

अंदाज इथे एक नव्हता, तीन होते. तेलाचा भाव, रुपयाचा भाव आणि राज्यात विजेची मागणी किती वाढेल हा. तिन्ही एकाच दिशेने चुकले. पण आमच्या मते दोष चुकण्यात नाही. वर पाहिल्याप्रमाणे तेलाच्या भावात चुकणे हा नियमच आहे. दोष असा की तिन्ही चुकांचा भार एकाच बाजूवर टाकणारा कागद सही झाला. २००१ मध्ये माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या सगळ्याची तपासणी केली. त्या वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचे दिवाळे वाजले.

त्याच दशकात उपनगरांच्या कंपनीने दुसरा रस्ता धरला होता. बीएसईएसचे ५०० मेगावाटचे डहाणूचे केंद्र १९९५-९६ च्या सुमारास सुरू झाले, कोळशावर. कोळशाचा भाव तेलासारखा उड्या मारत नव्हता आणि अंधेरी-बोरिवलीला त्याचा फायदा झाला. मात्र हा पर्यायही फुकट नव्हता. चिकूच्या बागांचा डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला होता, आणि तिथल्या लोकांनी धुराविरुद्ध दीर्घ लढा दिला. काही भुर्दंड बिलावर छापलेले नसतात.

दाभोळच्या केंद्राची कथा पुढे आहे. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी स्थापन होऊन ते पुन्हा उभे राहिले, या वेळी वायूवर. त्यासाठी कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील समुद्रातल्या वायूवर भिस्त होती. दिवसाला ८ कोटी घनमीटर वायू मिळेल असा अंदाज असलेले ते क्षेत्र २०१० मध्ये सुमारे ६ कोटींपर्यंत पोहोचले आणि नंतर झपाट्याने ओसरले. जमिनीखालचा अंदाजही कधी कधी कसा दगा देतो याचे हे उदाहरण. नव्या क्षेत्रात, पुरेशा विहिरी होण्याआधी केलेले अंदाज विशेष जपून घ्यावेत. केंद्र पुन्हा थंडावले. शेवटी २०१५ च्या अखेरीपासून काही वर्षे मध्य रेल्वेने त्याची वीज घेतली, आणि मुलुंड-घाटकोपरच्या गाड्या काही अंशी दाभोळच्या विजेवर धावल्या.

इंधन नसलेली वीज

सूर्य आणि वारा यांच्या विजेत हा घोळ मुळातून संपतो असे सांगितले जाते. ते अर्धे बरोबर आहे. सौर केंद्राचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी होतो. पंचवीस वर्षांच्या इंधनाच्या भावाचा अंदाज करावाच लागत नाही, म्हणून करारात पंचवीस वर्षांचा एकच दर लिहिता येतो. २०१७ मध्ये राजस्थानातील भादला येथे युनिटला २ रुपये ४४ पैसे असा दर आला, तेव्हा कोळशाच्या केंद्रवाल्यांनाही दखल घ्यावी लागली.

पण अंदाजाची जागा बदलते. आता प्रश्न दहा वर्षांनंतरच्या भावाचा नसून आज संध्याकाळी सात वाजताच्या विजेचा होतो. उपनगरांत सूर्य मावळल्यावरच घरोघर दिवे, पंखे, वातानुकूलन यंत्रे सुरू होतात. दुपारची वीज तोवर साठवायची कशी? एक मार्ग आपल्याकडे आधीपासून आहे. सह्याद्रीत घाटघर येथे २५० मेगावाटचे केंद्र २००८ पासून चालते. तिथे वीज स्वस्त असेल तेव्हा खालच्या तलावातले पाणी वर चढवतात आणि लागेल तेव्हा खाली सोडून वीज घेतात. चढवायला लागलेल्या विजेपैकी सुमारे पाऊण भाग परत मिळतो. अशी केंद्रे आणि मोठ्या विद्युतघटमाला किती वेगाने होतील यावर पुढचे बरेच काही ठरेल. त्याचे आकडे सांगणाऱ्यांनाही आपण तोच प्रश्न विचारावा: हा अंदाज चुकला, तर करारात कोणाचे नाव लिहिले आहे?

हा प्रश्न वर्गात विचारायला साधन फार लागत नाही. विद्यार्थ्यांना घरची विजेची बिले आणायला सांगावीत. मुलुंडच्या मुलांकडे महावितरणचे बिल असेल. घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या बहुतेकांकडे बीएसईएसच्या जागी आलेल्या कंपनीचे, म्हणजे २०१८ पासून अदानी इलेक्ट्रिसिटीचे, तर काहींकडे टाटांचे. त्यात ‘इंधन समायोजन आकार’ अशी एक ओळ शोधावी. वर्षाच्या सुरुवातीला नियामक आयोगाने धरलेला इंधन आणि वीजखरेदीचा खर्च आणि प्रत्यक्ष खर्च यांतला फरक त्या ओळीत येतो. काही महिन्यांत तो शून्य असतो, क्वचित उणेही. बारा महिन्यांचे आकडे आलेख कागदावर मांडावेत आणि त्याच कागदावर तेलाचा आणि कोळशाचा त्या त्या महिन्याचा भाव वेगळ्या रंगाने काढावा. आलेखांची शिखरे एकाच महिन्यात येत नाहीत, ती मागेपुढे असतात. किती महिने मागेपुढे, आणि दोन कंपन्यांत हे अंतर वेगळे का, हे मुलांना शोधू द्यावे.